आवाजाची बिदागी कोणी ठरवायची?

जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या दाव्यात एक अंतरिम हुकूम दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी त्यांच्या आवाजाची नक्कल तयार करणे आणि ती लोकांस वापरावयास देणे हे त्यांच्या व्यक्तिगत हक्कांवर आक्रमण आहे, असे न्यायालयाने प्रथमदर्शनी मानले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून तशाच स्वरूपाचे संरक्षण मिळाले. गाण्याबजावण्यात आयुष्य गेलेल्या आम्हां मंडळींस या बातम्यांनी समाधान वाटले, यात नवल नाही. आवाज ही माणसाची मिळकत आहे आणि ती त्याच्या संमतीवाचून कोणी उचलून नेऊ नये, हे तत्त्व न्यायासनासमोर टिकले.

परंतु हे संरक्षण मिळाले ते ज्यांचा आवाज सारा देश ओळखतो त्यांना. ज्यांचा आवाज आपण रोज ऐकतो पण ज्यांचे नाव कधीच ऐकत नाही, त्यांचे काय? बँकेला दूरध्वनी केला असता प्रतीक्षा करावयास सांगणारी बाई, औषधाच्या जाहिरातीच्या शेवटी भरभर इशारा वाचणारा गृहस्थ, शाळेच्या धड्यांचे ध्वनिमुद्रण करणारी तरुणी, ही सारी माणसे आवाजावरच पोट भरतात. मुंबईच्या स्टुडिओंत त्यांना ‘व्हॉइस आर्टिस्ट’ म्हणतात. त्यांतील पुष्कळ जण कोणाच्या नोकरीत नसतात; काम येईल तसे घेतात आणि दर कामाला स्वतःच भाव सांगतात. हा भाव कसा सांगावा, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नात आजच्या कलावंताचे पुष्कळ हित-अहित सामावले आहे, असे मला वाटते.

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या मराठी घराण्यांस हा प्रश्न परका नाही. आपल्या घरांतील मुले घरात मराठी, शेजारी गुजराती अथवा हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढतात. पाठांतर, नाट्यवाचन, गणेशोत्सवातील निवेदन यांमुळे त्यांची वाणी लहानपणीच तयार होते. ‘बाहुबली’च्या २०१५ सालच्या हिंदी आवृत्तीत प्रभास यांना आवाज देणारे शरद केळकर हे मूळचे ग्वाल्हेरचे, आणि ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुन यांच्या तोंडी आवाज आहे तो श्रेयस तळपदे यांचा. स्टोरीटेल ही ध्वनिपुस्तकांची कंपनी २०१७ साली हिंदुस्थानात आली ती मराठी पुस्तकेही घेऊन आली. घरात एक चांगला मायक्रोफोन आणि एक शांत खोली असली, तर रावपुऱ्यात बसून मुंबईचे काम करता येते. माझ्या गायनवर्गातील चारपाच मुलेमुली असे काम करतात. त्यांच्या आवाजाविषयी मला काळजी नाही. मात्र समोरच्याने “किती घ्याल?” असे विचारले की ती गोंधळतात, आणि “तुम्हांला योग्य वाटेल ते द्या” असे उत्तर देऊन बसतात.

हे उत्तर आपल्या वळणाचे आहे, आणि त्याचे मूळ शोधण्यासारखे आहे. कलावंताच्या पैशाला आपल्याकडे जुना शब्द आहे ‘बिदागी’. निरोप देताना द्यावयाची ती बिदागी. ती कार्यक्रमानंतर मिळते, आणि किती द्यावयाची ते देणाऱ्याच्या मर्जीवर असते. दुसरा शब्द ‘मोबदला’. त्यात अदलाबदल आहे. एकाने काय द्यावयाचे आणि त्याबद्दल दुसऱ्याने काय द्यावयाचे हे आधी ठरल्यावाचून मोबदला होत नाही. आपली मुले मोबदल्याचे काम करतात आणि बिदागीच्या रीतीने पैसे मागतात.

दरबारच्या काळात ही अडचण नव्हती. सयाजीराव महाराजांच्या राज्यात कलावंत हे पगारी नोकर असत आणि त्यांच्या खात्याला लेखी नियम होते. माझे वडील राजवाड्याच्या नोकरीत गवई होते. भाव करण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असेल. दरबार गेल्यावर आकाशवाणी आली. बाळकृष्ण केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या वेळी ध्वनिपरीक्षा घेऊन कलावंतांच्या श्रेणी ठरवण्याची पद्धत रूढ झाली. त्या पद्धतीवर तेव्हा पुष्कळ वाद झाला आणि तो सर्वस्वी अकारण नव्हता. पण तिचा एक फायदा होता: श्रेणी ठरली की मानधन ठरले. कलावंतास स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत नसे. आजच्या मुक्त बाजारात दरबार नाही आणि श्रेणीही नाही. समोर असते एक जाहिरात-कंपनी अथवा तिचा मध्यस्थ, आणि त्याला भाव करण्याची रोजची सवय असते.

आता मूळ मुद्दा. आवाजाच्या कामात आपण नक्की विकतो काय? पुष्कळांची समजूत अशी की आपण वेळ विकतो. तीस सेकंदांची जाहिरात, पंधरा मिनिटांचे काम, मग एवढे पैसे कशाचे, असे गिऱ्हाईक विचारते आणि कलावंतालाही ते पटते. परंतु तीस सेकंद एकदा बोलल्यावर तो आवाज वर्षभर दूरचित्रवाणीवर, रेडिओवर आणि मोबाइलवर लाखो वेळा ऐकवला जातो. मालकाचा माल खपतो तो त्या ऐकवण्यामुळे. म्हणून या धंद्यातील जाणती माणसे आपल्या मोबदल्याचे दोन भाग करतात: एक ध्वनिमुद्रणाच्या बैठकीचा आणि दुसरा वापराचा. वापराचा म्हणजे कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ.

हा वाद नवा नाही. १९६०च्या दशकात लता मंगेशकर आणि महंमद रफी यांच्यात जो मतभेद झाला तो याच गोष्टीवरून. गाण्याच्या विक्रीतून येणाऱ्या उत्पन्नात गायकाचाही वाटा असावा, असे लताबाईंचे म्हणणे होते. ठरलेले पैसे मिळाले की आपला हक्क संपला, असे रफीसाहेबांचे मत होते. काही वर्षे या दोघांनी एकत्र गाणे सोडले. रफीसाहेबांची भूमिका सज्जनाची होती, यात शंका नाही. पण कायदा शेवटी लताबाईंच्या बाजूने वळला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क प्रथम आला, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगासाठी केलेल्या सादरीकरणावर कलावंतास स्वामित्वधन मिळावे असे म्हटले. त्याच्या वसुलीसाठी २०१३ मध्ये गायकांच्या संस्थेची नोंदणी झाली. मागणी आणि कायदा यांत जवळजवळ अर्धे शतक गेले.

याच कायद्यातील आणखी काही कलमे आवाज देणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावीत अशी आहेत. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे समजावी. प्रदेश लिहिला नसेल, तर तो हिंदुस्थानापुरता समजावा. करार करताना जे माध्यम अस्तित्वात अथवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्यातला हक्क दिला गेला असे होत नाही. हे नियम मुळात लेखकांच्या हक्कांसाठी आहेत, आणि कायद्याने ते योग्य त्या फेरफारांसह कलावंतांच्या हक्कांसही लावले आहेत. कंपन्यांच्या छापील करारांत “जगभर, कायमचे, ज्ञात व पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत” अशी लांबलचक ओळ का असते, याचा उलगडा येथे होतो. कायद्याने कलावंताच्या बाजूने ठेवलेल्या फटी त्या एका ओळीने बुजवल्या जातात. धंद्यात याला ‘बायआउट’ म्हणतात. बायआउट देऊच नये असे मी म्हणत नाही. पण ते म्हणजे घर भाड्याने देणे नसून विकणे आहे, आणि विक्रीची किंमत भाड्याइतकी असून चालत नाही.

चित्रपटांविषयी एक सूक्ष्म गोष्ट सांगितली पाहिजे. ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, अशास कायदा बव्हंशी ‘कलावंत’ मानत नाही. तेव्हा डबिंग करणाऱ्याने पडद्यावर नाव मागणे हा निव्वळ मानाचा प्रश्न नाही. नाव नसेल तर हक्कावरही वाद उभा राहू शकतो. म्हणून मोबदल्याच्या बोलण्यात श्रेयनामावलीचा विषय त्याच बैठकीत काढावा.

मग भाव सांगावयाचा कसा? पहिला नियम असा की, विचारल्याबरोबर आकडा सांगू नये. आधी विचारावे: शब्द किती आहेत? कोठे वाजणार? किती दिवस? किती भाषांत? ध्वनिमुद्रण तुमच्या स्टुडिओत की माझ्या घरी? संपादन कोण करणार? पैसे केव्हा मिळणार? हे प्रश्न विचारले की गिऱ्हाईकालाही कळते की आपण जाणकाराशी बोलत आहोत. पुष्कळदा निम्मी घासाघीस तेथेच संपते.

दुसरा नियम, आपला तळ आपल्याला ठाऊक असावा. समजा, घरखर्च, यंत्रांचा हप्ता, वीज आणि कर मिळून महिन्यास ४०,००० रुपये लागतात, आणि नमुने पाठवणे, पत्रव्यवहार व रियाज यांत जाणारा वेळ वगळता पैसे मिळवून देणारे काम महिन्यात ४० तासच होते. तर तासाचा तळ १,००० रुपये झाला. ध्वनिपुस्तकाचा एक तयार तास ऐकावयास एक तास लागतो. पण वाचन, चुकांची दुरुस्ती आणि संपादन धरून त्यामागे चारपाच तास सहज जातात. म्हणजे अशा माणसाने तयार तासाला ५,००० च्या खाली काम घेतले तर तो पदरचे पैसे घालतो आहे. हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. प्रत्येकाने आपले मांडावेत. तळ म्हणजे भाव नव्हे. ज्याच्या खाली नाही म्हणावयाचे तो तळ. भाव त्याच्या वर असतो.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाईक “फार होतात” म्हणाले, तर आकडा कमी करू नये, वापर कमी करावा. एक वर्षाऐवजी तीन महिने. दूरचित्रवाणी आणि रेडिओऐवजी फक्त रेडिओ. तीन भाषांऐवजी एक. संभाषण साधारण असे व्हावे.

“ताई, आमचं बजेट याच्या निम्मं आहे.”

“हरकत नाही साहेब. मग निम्म्यात सहा महिने आणि फक्त गुजरातपुरतं करू. पुढं वाढवायचं झालं तर त्या वेळी बोलू.”

यात कोणाचाच अपमान नाही. नुसता आकडा खाली आणला, तर पहिला आकडा उगाच फुगवलेला होता असे समोरचा धरून चालतो, आणि पुढच्या खेपेस तो तेथूनच सुरुवात करतो.

या पद्धतीत लहान गिऱ्हाईकावरही अन्याय होत नाही, उलट त्याची सोय होते. मांडवीतल्या कापडदुकानाची दिवाळीपुरती, गावापुरती जाहिरात आणि मोठ्या कंपनीची देशभर वर्षभर चालणारी जाहिरात यांचे शब्द सारखेच असू शकतील. बैठकीचे पैसे दोघांना सारखे लावावेत. वापराचे पैसे दुकानदाराला नाममात्र आणि कंपनीला पुरेपूर. केवळ मिनिटांवर भाव सांगणारा कलावंत दुकानदाराला महाग पडतो आणि कंपनीला फुकट.

दुरुस्त्यांबद्दलही आधीच बोलावे. उच्चार चुकला, श्वास ऐकू आला, तर पुन्हा बोलणे हे कलावंताचे कर्तव्य. त्याचे पैसे नाहीत. पण मालकाने मजकूरच बदलला तर ती नवी बैठक. नमुना म्हणून मजकुराच्या चार ओळी जरूर बोलून पाठवाव्यात. सबंध जाहिरात नमुना म्हणून पाठवू नये. माझ्या एका विद्यार्थिनीने एका कंपनीला पूर्ण मजकूर ‘नमुना’ म्हणून पाठवला. उत्तर आले नाही. दोन महिन्यांनी तोच आवाज तिच्या मावशीने रेडिओवर ऐकला. तिच्याजवळ काहीच लेखी नसल्यामुळे तिला एक पैसाही मिळाला नाही.

पैसे ठरणे आणि पैसे हाती पडणे यांत पुष्कळ अंतर असते. घर घेताना आपण इसार देतो, मंगल कार्यालय ठरवताना देतो. मग आवाज ठरवताना इसार मागण्यात संकोच का? नव्या गिऱ्हाईकाकडून निम्मे आधी घ्यावेत. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे, नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. सेवा देणारा एकटा माणूसही ‘उद्यम’ नोंदणी करू शकतो, आणि ती करण्यास शुल्क नाही. आकडा सांगताना तो करांव्यतिरिक्त आहे की करांसह हेही लिहावे. एकाच कंपनीकडून वर्षात ५०,००० रुपयांहून अधिक मिळकत झाली तर साधारणपणे दहा टक्के कर आधीच कापला जातो. तो बुडालेला नसतो, विवरणपत्र भरून हिशेबात धरता येतो. पण हाती दहा हजारांऐवजी नऊच का आले, असे वाटून घाबरू नये म्हणून हे सांगितले.

आपल्या समाजातील आणखी एक नाजूक बाब आहे. “घरचेच काम आहे” असे म्हणून मंडळाचे निवेदन, ओळखीच्या शाळेची ध्वनिफीत, नातेवाइकाच्या दुकानाची जाहिरात ही कामे येत राहतात. मंडळाचे काम सेवा म्हणून करावे आणि आनंदाने करावे. पण दुकान हे दुकान आहे. तेथे सवलत द्यावयाची तर बिलात पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवावी. त्यामुळे नाते टिकते आणि कामाची किंमतही कळते. पुण्यामुंबईहून पाहुणा कलावंत येतो तेव्हा त्याची बिदागी आपण आधी विचारतो. तीच सभ्यता गावच्या मुलामुलींच्या बाबतीत दाखवण्याची जबाबदारी आपली, वडीलधाऱ्यांची आहे.

आता पुन्हा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ. यंत्राला आवाज शिकवण्यासाठी माणसांकडून तासन् तास वाक्ये वाचून घेतली जातात. असे काम दिसावयास सोपे असते: सुटी वाक्ये, भावना नाही, नाट्य नाही. तासावर पैसे मिळतात आणि तरुणांस ते बरे वाटतात. परंतु येथे विकली जाते ती पुढच्या सगळ्या कामांची शक्यता. ते यंत्र उद्या त्याच आवाजात, त्याने कधी न पाहिलेला मजकूर, त्याला न विचारता वाचू शकेल. अमेरिकेत नटांच्या संघटनेने २०२३ मध्ये ११८ दिवसांचा संप केला, आणि जुलै २०२४ मध्ये व्हिडिओ गेमना आवाज देणाऱ्यांनी जो संप पुकारला तो जून २०२५ पर्यंत चालला. यांत्रिक नक्कल संमतीवाचून होऊ नये आणि झाल्यास तिचे पैसे मिळावेत, हा त्या लढ्यातील मुख्य प्रश्न होता. तेथे संघटना बलवान आहे. आपल्याकडे घरी बसून एकेकटे काम करणाऱ्यांची बाजू घेऊन बोलणी करील असे सहसा कोणी नसते.

म्हणून प्रत्येक करारात, अगदी साध्या पत्रातही, एक ओळ असावी: ‘हे ध्वनिमुद्रण केवळ वर लिहिलेल्या कामासाठी आहे; यावरून यंत्राद्वारे आवाजाची नक्कल करण्यास अथवा यंत्रास शिकवण्यास परवानगी नाही.’ समोरच्यास तसाच वापर हवा असेल, तर तो वेगळा व्यवहार समजून मुदत, उद्देश आणि मोबदला स्वतंत्र ठरवावा. एखादे गिऱ्हाईक ही ओळ खोडावयास सांगेल. खोडण्याचे कारण त्याने सांगितले नाही, तर ते काम सोडलेले बरे. सोडणे सोपे नसते हे मी जाणतो. महिन्याचे भाडे प्रत्येकाला असते. पण गायकाचा गळा बसला तर तो विश्रांतीने सुटतो. एकदा दुसऱ्याच्या यंत्रात गेलेला आवाज परत आणणे फार अवघड आहे.

नामवंत कलावंतांच्या मदतीस त्यांची कीर्ती येते आणि न्यायालय त्या कीर्तीचे रक्षण करते. अनोळखी कलावंतापाशी कीर्ती नाही; त्याच्यापाशी आहे तो भाव ठरवतानाचा एक कागद. त्या कागदावर आवाज किती काळ, कोठे आणि कशासाठी दिला हे लिहिलेले असेल, तर उद्या न्यायालयात उभे राहण्यास त्याला जागा आहे. नसेल तर सहानुभूतीपलीकडे त्याला काही मिळणार नाही. भाव करणे हे हावरटपणाचे लक्षण आहे, असे संस्कार आपण मुलांवर नकळत केले. आज त्यांना उलट शिकवण्याची वेळ आली आहे. संगीतशिक्षक म्हणून मी स्वर, श्वास आणि उच्चार शिकवतो. यापुढे शेवटच्या इयत्तेतील मुलांकडून दोन तास एक साधे दरपत्रक आणि चार ओळींचा करार लिहून घेणार आहे. ज्या घरांत अशी मुले आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीही पहिला करार सहीपूर्वी एकदा त्यांच्याबरोबर बसून वाचावा.